अभ्यासिकेतली धडधड : जून ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे. ६४ खुर्च्या, वर गच्ची, खाली अमृततुल्य. बसणारी बहुतेक मुलं राज्यसेवा आणि कम्बाइन या सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षा करणारी. मराठवाडा, सोलापूर, विदर्भातली. दर वर्षी परीक्षा जवळ आली की कुणाला झोप येत नाही, कुणाचे हात थरथरतात, कुणी मधूनच उठून जिन्यात जाऊन बसतं. गोळ्यांवाचून, रोजच्या सवयी बदलून यातलं किती कमी करता येतं ते या वर्षी नीट करून बघायचं ठरवलं. अभ्यासिका, वसतिगृह किंवा खानावळ चालवणाऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून खर्चासकट लिहून ठेवते आहे.

९ जून

आधी मोजमाप. ‘जीएडी-७’ नावाची सात प्रश्नांची चाचणी २००६ पासून वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी थांबवता आली का, चिडचिड झाली का, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. हे निदान नव्हे, डॉक्टरांशी बोलायला हवं का एवढंच त्यावरून कळतं. मराठीतल्या प्रती काढल्या, नाव न घालता भरून पेटीत टाकायच्या. झेरॉक्सचे १३० रुपये.

पेटी उघडली तेव्हा १० च्या वरचे कागद अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. १५ च्या वरचेही होते, आणि ते कुणाचे हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून फळ्यावर लिहिलं : ज्यांचा आकडा १५ च्या वर आहे त्यांनी मला एकट्याने भेटावं, मी काही विचारणार नाही, डॉक्टरांकडे सोबत येईन. दोन मुली आल्या. मुलगा एकही आला नाही.

१४ जून

त्या दोघींतल्या एकीची धडधड मनाची नव्हतीच. जिना चढला की छातीत ठोके, रात्री पाय दुखायचे, चिडचिड व्हायची. ती याला टेन्शन म्हणत होती, घरचेही तेच म्हणत होते. डॉक्टरांनी डोळ्यांची आतली बाजू बघूनच रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८ च्या खाली. दोन वेळच्या डब्यातली उसळ परत पाठवायची आणि चहा-बिस्किटावर दिवस काढायचा, असं कितीतरी महिने चाललं होतं. आता लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि जेवणाला लागून चहा बंद, कारण चहाने लोह अंगी लागत नाही.

यापुढे हीच पहिली पायरी. श्वास, ध्यान, फिरणं या सगळ्याच्या आधी हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच ही तपासणी आणि जमलं तर बी-१२ बघून घ्यायचं. थायरॉइड वाढलेलं असेल तरी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडायला होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पहिल्या दोन तपासण्यांचे साडेपाचशे रुपये झाले. ज्यांना जड जाणार होतं त्यांना फीमध्ये तेवढी सूट दिली.

२३ जून

काल पालख्या पुण्यातून पुढे निघाल्या. पेठांतले रस्ते बंद, अभ्यासिका जवळजवळ रिकामी. काही मुलं माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालली आणि रात्री एसटीने परत आली. पायाला फोड आले होते. पण त्यातला एक, ज्याला रात्री तीनच्या आत कधी झोप लागत नाही, तो आज सकाळी म्हणाला, “काकू, पाठ टेकली आणि सकाळच झाली.” बरोबरच्यांचंही तेच. एवढं चालणं रोज शक्य नाही हे उघड आहे. पण रोजच्या कामात चालणं घालायचं हे आज नक्की झालं.

१ जुलै

चहा. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, तेव्हा सविस्तर लिहिते.

संध्याकाळी पाच आणि रात्री दहा, असे दोन चहा अभ्यासिकेतर्फे फुकट असतात. खालून अमृततुल्यचा पोऱ्या दिवसभर किटली घेऊन येतो तो वेगळा. एक आठवडा प्रत्येकाला आपापल्या वहीच्या मागच्या पानावर दर चहाला एक रेघ मारायला सांगितलं. आठ-दहा रेघा म्हणजे तर नेहमीचंच. भरल्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, कॉफीच्या मगात ८० ते १००. आमच्याकडचा चहा बराच वेळ उकळलेला, त्यामुळे कप लहान असला तरी कमी धरून चालत नाही. निरोगी माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं म्हणतात, पण घाबरट झालेल्या शरीराला त्याच्या निम्म्यानेही थरथर सुटते. आणि शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या चहातलं निम्मं पहाटे तीनला अंगात असतं. रात्रीचा चहा आम्हीच पाजत होतो.

आजपासून चहा बंद. किटलीलाही वर येऊ नको म्हणून सांगितलं.

५ जुलै

फसलं. दुसऱ्या दिवशीच डोकेदुखी. कुणाला मळमळ, कुणाला जांभया, सगळे चिडलेले. कॅफीन एकदम तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवडाभरही टिकू शकतं. अर्धी मुलं खाली जाऊन चहा पिऊन यायला लागली, म्हणजे चहा तेवढाच आणि वर जिन्याच्या फेऱ्या. अमृततुल्यवाले दादाही नाराज झाले. त्यांचा धंदा बुडवायचा नव्हता.

नवीन पद्धत अशी. आहे त्या रेघांतून दर तीन दिवसांनी एक रेघ कमी. शेवटची रेघ दुपारी चारला, त्यानंतर नाही. सकाळच्या चहाला हात लावायचा नाही, तो सगळ्यांना हवा असतो आणि त्याने झोपेचं नुकसान होत नाही. पाचचा चहा काढून त्या जागी गवती चहा, आलं आणि किंचित गूळ, चहापूड न घालता. दादांनाच तो करायला सांगितला. कप त्याच भावाचा, त्यामुळे त्यांचंही भागलं. रात्री दहाला ताक ठेवलं. ताक चाललं नाही, पावसाळ्यात कुणाला नको होतं. मग गरम पाण्यात जिरं उकळून ठेवलं, तेही दोघं-तिघंच प्यायचे. शेवटी रात्री दहाला काहीच ठेवायचं नाही असं ठरवलं. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

२६ जुलै

चारनंतरचा चहा बहुतेकांचा सुटला. ज्यांचा सुटला त्यांच्या तोंडून एकच गोष्ट येते : संध्याकाळची विनाकारण धडधड कमी झाली. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना काही फरक जाणवला नाही, आणि त्यांनी उगाच चहा सोडावा असं माझं म्हणणं नाही. एनर्जी ड्रिंकचे डबे मात्र कचऱ्यात सापडतात. त्यात कॅफीनच असतं हे फळ्यावर लिहिलं.

३ ऑगस्ट

श्वासाचं काम. सकाळी सातला गच्चीवर डोळे मिटून वीस मिनिटं बसायचं, श्वासाकडे बघायचं, खोल श्वास घ्यायचा, असं ठरवून सुरू केलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माणसं गळायला लागली. एका मुलीला श्वासाकडे लक्ष दिलं की श्वास अडकल्यासारखं व्हायचं आणि घाबरगुंडी उडायची. एका मुलाने जोरजोराने खोल श्वास घेतले तर बोटांना मुंग्या आल्या आणि डोकं हलकं झालं. भरभर खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने असं होतं. घाबरलेल्या माणसाला ‘खोल श्वास घे’ म्हणणं म्हणूनच मी बंद केलं.

आता लांब घ्यायचा नाही, लांब सोडायचा. नाकाने चार मोजेपर्यंत सहज घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. मिनिटाला सहा श्वास होतात. डोळे उघडे, नजर समोरच्या कुंडीवर. पाच मिनिटं, जास्त नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी रोज पाच मिनिटांचे असे श्वासाचे प्रकार महिनाभर करून घेतले होते. नाकाने एकामागोमाग दोनदा श्वास भरून तोंडाने लांब सोडण्याच्या प्रकाराने मन सर्वांत जास्त हलकं झालं, ध्यानापेक्षाही. तो प्रकारही शिकवला. टेस्ट सिरीजचा निकाल बघण्याआधी पोरं तोच करतात.

ज्यांना मोजणं जमत नाही त्यांना भ्रामरी. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो, मोजावं लागत नाही. गच्चीवर वीसेक जण एकदम गुणगुणायला लागले तेव्हा शेजारच्या वाड्यातल्या आजी काय चाललंय ते बघायला वर आल्या. आता त्याही बसतात.

११ ऑगस्ट

चालण्याची सहल पहाटे सहाला पर्वतीवर ठेवली होती, ती मोडली. रात्री एकला झोपणाऱ्याला सहाला उठवणं म्हणजे झोपेतून चोरी. संध्याकाळी साडेसहाला हलवली. जाताना फोन अभ्यासिकेत ठेवायचा आणि वाटेत कट-ऑफ, उत्तरतालिका, जागा किती निघाल्या हे विषय बंद. दुसरा नियम पाळायला पहिल्यापेक्षा जास्त अवघड गेला.

पर्वतीच्या शंभरावर पायऱ्यांचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. जूनमध्ये माझ्याकडे आलेल्या त्या दोघींतली दुसरी मुलगी, जिच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या होत्या, ती छातीत ठोके वाढले की मरणार असं वाटून जागेवर थिजायची. डॉक्टरांनी चढायला हरकत नाही सांगितलं होतं. पहिल्यांदा ती निम्म्यावर थांबली, हात कठड्यावर घट्ट. मी म्हटलं, थांबू, ठोके मोजू. दोन मिनिटांत ते आपणहून उतरले. वर पोचल्यावर पुन्हा वाढले, पुन्हा उतरले. ठोके वाढतात आणि उतरतात, हे तिने स्वतःच्या अंगावर बघितलं. आता ती पुढे असते. मानसोपचारातही हीच युक्ती वापरतात : ज्या संवेदनेची भीती वाटते ती सुरक्षित जागी मुद्दाम अंगात आणायची आणि उतरेपर्यंत थांबायचं. ज्याला हृदयाचा आजार आहे त्याने डॉक्टरांना न विचारता हे करू नये.

१९ ऑगस्ट

नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात. संध्याकाळभर खिडक्या थरथरतात. काही मुलं त्याच पथकांत वाजवायला जातात आणि परत येतात तेव्हा घामाघूम आणि खूश असतात. बाकीच्यांचं डोकं भणभणतं. फोमचे कानातले बोळे घाऊक आणले, ३८० रुपये. चालण्याची वाट नदीकडून बदलून सारसबागेकडून केली. यापलीकडे काही करता येत नाही आणि करायचंही नाही, गणपती आपलेच आहेत.

२४ ऑगस्ट

अश्वगंधा. कपाटात डबे दिसायला लागले. चूर्ण, गोळ्या, ‘तणावमुक्ती’ लिहिलेलं काहीबाही. कुणी ऑनलाइन मागवलेलं, कुणाला गावच्या दुकानातून आलेलं. झाडाचं म्हणून निर्धोक, असा सगळ्यांचा समज. अश्वगंधेच्या अर्काने ताण थोडा कमी झाल्याचे छोटे अभ्यास आहेत हे खरं. पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. थायरॉइडच्या गोळ्यांबरोबर ती घेणं धोक्याचं, गरोदरपणी तर नकोच. आमच्याकडे एक मुलगी थायरॉइडची गोळी आणि हे चूर्ण दोन्ही घेत होती आणि डॉक्टरांना तिने सांगितलंच नव्हतं. आज सांगितलं, चूर्ण बंद झालं.

जटामांसीही एका डब्यावर लिहिलेली होती. हिमालयातली ही वनस्पती नष्ट होण्याच्या अगदी काठावर आलेली आहे, त्यामुळे बाजारात तिच्या नावाखाली काय मिळेल याचा भरवसा नाही. अभ्यासिकेतर्फे कुठलंही चूर्ण, काढा, गोळी द्यायची नाही असं ठरवलं. ज्याला घ्यायचं त्याने वैद्यांना नाडी दाखवून, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगून घ्यावं. मोबाइलवरची जाहिरात बघून नको.

८ सप्टेंबर

विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन रात्री पेठेत कुणाला झोप नाही. त्यानंतर मी एक निर्णय घेतला, जो पैशांच्या बाजूने महागात जाणार हे माहीत होतं. अभ्यासिका चोवीस तास उघडी असायची. आजपासून रात्री बारा ते पहाटे पाच बंद. रात्रभर जागून वाचणाऱ्यांचा जीएडीचा आकडाच वर राहतो, हे ऑगस्टमध्ये कागद पुन्हा भरून घेतले तेव्हा त्यांच्याच बोलण्यातून कळलं होतं. वहीच्या मागच्या रेघा, चालणं, श्वास, सगळं करूनही झोप चार तासांची असेल तर काही उपयोग होत नव्हता.

सात जणांनी नावं काढून घेतली आणि चोवीस तासवाल्या ठिकाणी गेले. १४०० रुपये महिना धरला तर महिन्याला ९८०० चं नुकसान. ते अजून भरून निघालेलं नाही. तरी हा निर्णय मी मागे घेणार नाही.

१५ सप्टेंबर

काळजीची वही. याआधी काळजी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची असं केलं होतं. अक्षर ओळखू येईल म्हणून कुणी खरं लिहीना, म्हणून ते सोडलं. आता प्रत्येकाची स्वतःची चाळीस पानी वही आणि संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा वेळ. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत टिपायची आणि ‘साडेपाचला बघू’ म्हणून पुस्तकाकडे परत यायचं. अमेरिकेतल्या थॉमस बोर्कोवेक यांनी सहकाऱ्यांसोबत १९८३ मध्ये हेच तंत्र तपासलं होतं : काळजी करायची, पण ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी.

साडेपाचला पानावर उभी रेघ. डावीकडे, यावर आज मला काही करता येईल. उजवीकडे, नाही येणार. ‘भूगोलाचे नकाशे राहिलेत’ डावीकडे. ‘वय निघून चाललंय’, ‘धाकटीचं लग्न थांबलंय माझ्यामुळे’ उजवीकडे. उजवीकडचं वाचलं की माझ्या पोटात तुटतं, पण मुलं स्वतःहून दाखवतील तेवढंच बघते. गंमत अशी की साडेपाच वाजेपर्यंत टिपलेल्यातल्या कितीतरी ओळींवर लिहिण्यासारखं काही उरत नाही. खूप जणांनी हे स्वतः सांगितलं. वह्यांना ९६० रुपये.

२७ सप्टेंबर

परवा रात्रीपासून घरून फोन येत आहेत. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पाण्याने हाहाकार केला आहे. सीना नदीच्या काठच्या एका मुलाचं सोयाबीन तर गेलंच, वरची मातीही वाहून गेली. अशात काल जाहीर झालं की उद्या, २८ तारखेला होणारी राज्यसेवेची पूर्व परीक्षा पुढे ढकलली, आता ९ नोव्हेंबरला. पूर आलेल्या मुलांचा विचार करता हे बरोबरच होतं, आणि इथे बसलेल्या पूरग्रस्त मुलांनीच ते बोलून दाखवलं. पण महिनोन्महिने एका तारखेला ताणून धरलेलं शरीर. बातमी आल्यावर हॉलमध्ये कुणी बोलेना.

काल श्वासाचा उपयोग झाला नाही, वहीचाही नाही. वह्या बाजूला ठेवल्या. गच्चीवर पिठलं-भाकरी केली, सगळे जेवले, प्रत्येकाने घरी फोन लावला. ज्यांचा फोन लागत नव्हता त्यांच्याबरोबर कुणीतरी बसून राहिलं. १,८५० रुपये खर्च. ज्यांना घरी जायचं होतं त्यांना फी न घेता जागा राखून ठेवते म्हटलं.

३० सप्टेंबर

सीनेकाठचा तो मुलगा झोपतच नाही. जेवत नाही. बोलताना एक वाक्य असं म्हणाला की मी हातातलं काम टाकलं. १४४१६ हा केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’चा क्रमांक, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. त्याच्यासमोरच लावला, स्पीकरवर नाही, त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात त्याच्याबरोबर गेले. गोळ्या सुरू झाल्या. त्याला एकदाही म्हटलं नाही की गच्चीवर ये, श्वास कर. या नोंदी वाचून कुणी हे काम सुरू करणार असेल तर हा क्रमांक पहिल्या दिवशी भिंतीवर लावा, आमच्याकडे तो उशिरा लागला.

१८ ऑक्टोबर

दिवाळीला निम्मी मुलं गावी गेली. राहिलेल्यांना परीक्षा हॉलमध्ये बसल्या जागी करता येईल असं काही हवं होतं. स्नायू आवळून सोडण्याची पद्धत शिकवली; शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ती शंभर वर्षांपूर्वी बसवली. बाकाखाली मूठ पाच सेकंद घट्ट, मग एकदम सैल. मग खांदे कानापर्यंत, सैल. मग दात चावून जबडा, सैल. दीड मिनिट लागतं, कुणाला दिसत नाही. जबडा शिकवताना कळलं की पुष्कळ मुलं दिवसभर दात आवळून वाचतात. खर्च शून्य.

घरी गेलेल्यांना निघताना सांगितलं, फराळाबरोबर चहाच्या फेऱ्या होतील, होऊ देत. चारनंतर मात्र नको.

१० नोव्हेंबर

काल परीक्षा झाली. पेपर कसा गेला हे मी कुणाला विचारलं नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. सीनेकाठचा मुलगा परीक्षेला बसला. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी न विचारता बंद करू नकोस म्हणून बजावलं आहे, तो ऐकतो.

आज जीएडीचे कागद पुन्हा भरून घेतले. जूनमधली काही मुलं सोडून गेली, काही नवी आली, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही. जे दोन्ही वेळा होते त्यांतल्या बहुतेकांनी आपला आकडा खाली आल्याचं सांगितलं. १५ च्या वर आजही दोघं आहेत, आणि या वेळी त्यांनी स्वतःहून येऊन सांगितलं.

पुढच्या बॅचसाठी क्रम बदलते आहे : आधी रक्ततपासणी आणि १४४१६, मग चहा आणि रात्रीचं बंद, मग चालणं, आणि श्वास व वही त्यानंतर. सगळं एकाच महिन्यात सुरू करायचं नाही. सात खुर्च्या रिकाम्या आहेत, त्यांतल्या दोनांसाठी काल फोन आले. दोघांनाही आधीच सांगितलं की इथे रात्री बाराला दिवे जातात. एकाने ठेवून दिला, एक सोमवारी बघायला येतो आहे.